बीपीडी असलेल्या बहिणीला घरात ठेवणं सुरक्षित आहे का?

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला (वय २४) बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी, एक व्यक्तिमत्त्व विकार) आहे, असं दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं. कॉलेजात असल्यापासून तिच्या हातावर ब्लेडच्या खुणा होत्या, पण आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. गेल्या आठवड्यात तिच्या मित्राने तिचे फोन उचलणं बंद केलं. त्या रात्री माझी बायको तिला जेवायला बोलवायला गेली, तर हिने मोबाईल भिंतीवर भिरकावला. तो उसळून बायकोच्या खांद्याला लागला. मग ही स्वतःचं डोकं कपाटावर आपटायला लागली. मी आवरायला एक कानाखाली दिली, मग शांत झाली. घरात माझं आठ महिन्यांचं बाळ आहे. नेटवर वाचलं की ही माणसं हिंसक असतात, दुसऱ्याला खेळवतात, कधी बरी होत नाहीत. सासरे म्हणतात, तिला कुठेतरी ठेवा. आई म्हणते, लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. तिला घरात ठेवणं सुरक्षित आहे का?

उत्तर: हो, घरातच राहू द्या. पण उपचार सुरू ठेवून, आणि घरातले काही रिवाज बदलून. ते कोणते, त्याकडे येतेच.

त्याआधी तुमच्या पत्राबद्दल बोलू द्या. त्यात त्या रात्रीचे मारहाणीचे तीन प्रसंग आहेत. मोबाईल भिरकावला, तो वहिनीला लागला, हा पहिला. तिने स्वतःचं डोकं आपटलं, हा दुसरा. आणि तुम्ही तिच्या कानाखाली दिली, हा तिसरा. पहिल्या दोन प्रसंगांवरून तुम्ही विचारता आहात की ती धोकादायक आहे का. तिसरा अर्ध्या ओळीत आला आणि गेला, 'आवरायला' या शब्दाच्या आडोशाने. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. घाबरलेल्या माणसाचा हात उठतो, हे मला माहीत आहे. पण मी २६ वर्षं ओपीडीत बसते आहे आणि बीपीडीच्या बाबतीत हिंसेचा हिशेब कसा मांडला जातो, त्याचा इतका चोख नमुना क्वचितच वाचायला मिळतो. तिने केलं ते आजारात जमा आणि तिला झालं ते आवरण्यात.

नावापासूनच गोंधळ आहे. आपल्याकडे 'बॉर्डरलाइन' म्हटलं की शुगर बॉर्डरवर आहे तसं वाटतं, म्हणजे अजून झालेलं नाही, होण्याच्या बेतात आहे. किती तरी आईवडील माझ्याकडे याच समजुतीने निर्धास्त बसलेले मी पाहिलेत. खरं तर १९३८ साली ॲडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला, तो ना धड न्यूरोसिस (चिंता-भीतीसारखे सौम्य विकार) ना धड सायकोसिस (भास-भ्रमाचे तीव्र विकार) अशा, दोन्हींच्या सीमेवरच्या वाटणाऱ्या रुग्णांसाठी. ती सीमारेषा पुढे शास्त्रानेच मोडीत काढली, नाव मात्र राहिलं, आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात अधिकृत झालं. आज त्यात नऊ निकष आहेत, त्यांतले पाच जुळले की निदान होतं. एकटं पडण्याची जिवापाड भीती, नाती एका दिवसात आभाळाला आणि दुसऱ्या दिवशी मातीला, आतून पोकळ वाटणं, स्वतःला इजा, मनःस्थितीची तासातासाला उलथापालथ, असे ते निकष. अनावर राग हा त्या नवांतला एक. मारामारी हे त्या एका निकषाखालचं उदाहरण आहे, आजाराची व्याख्या नाही. आयुष्यात कुणावर आवाजही न चढवलेल्या मुलीला हे निदान होऊ शकतं. माझ्याकडे अशा बऱ्याच येतात. त्यांचा सगळा राग आत वळलेला असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ब्रिटनमधल्या सर्वसामान्य घरांतल्या १४,७५३ लोकांच्या माहितीचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बीपीडीचं निदान आणि हिंसा यांचा थेट संबंध दिसला तो फक्त जोडीदाराबरोबरच्या हिंसेत. गंभीर इजा करणारी किंवा पुन्हापुन्हा होणारी हिंसा पाहिली, तर तिचा धागा बीपीडीपेक्षा सोबतच्या गोष्टींकडे जात होता: दारू आणि इतर नशा, समाजविघातक व्यक्तिमत्त्व, चिंताविकार. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. बीपीडी असलेला माणूस रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या अंगावर सहसा जात नाही. जे काही होतं ते उंबऱ्याच्या आत, ज्याच्यावाचून जगवत नाही त्याच माणसासमोर, आणि ते माणूस निघून चाललंय असं वाटतं त्या क्षणी. म्हणून एखाद्या घराला किती धोका आहे हे मला ठरवायचं असतं तेव्हा मी निदानाचं नाव बाजूला ठेवते आणि विचारते: घरात दारू आहे का? पूर्वी कुणाला ठरवून इजा केली आहे का? प्रसंग झाल्यावर तिला पश्चात्ताप होतो की नाही? तुमच्या पत्रात यांतलं काहीच नाही. हिला पश्चात्ताप होतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मोबाईल लागल्यावर ती स्वतःचंच डोकं आपटायला लागली, यावरून मला अंदाज येतो.

म्हणजे मोबाईल फेकला तो क्षम्य, असं नाही. वहिनीला लागलं. डोक्याला लागला असता. काही रुग्णसंघटना आणि आमच्यातले काही लोक 'ही माणसं फक्त स्वतःला इजा करतात' असं सांगून विषय मिटवतात, ते मला पटत नाही. असं सांगितलं की ज्यांनी घरात मार खाल्लाय त्या नवऱ्यांना, आयांना, वहिनींना आपणच खोटं पाडतो, आणि मग ते नेटवरच्या भडक पानांकडे वळतात. राग खरा आहे, तो अंगावर येतो, आणि त्याच्यावर काम करता येतं.

तो राग असा का असतो हे समजलं तर निम्मी भीती जाईल. अशा माणसाच्या भावना तीन बाबतींत वेगळ्या चालतात: लवकर पेटतात, जास्त पेटतात आणि विझायला फार वेळ घेतात. हे तिसरं घरच्यांच्या लक्षात येत नाही. मातीच्या चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं तरी चूल तासभर धगधगती राहते, तसं. मित्राने फोन उचलला नाही ही सकाळची गोष्ट असेल, पण रात्री वहिनी दारात आली तेव्हाही चूल तापलेलीच होती. वहिनीने काय विचारलं याला काही अर्थ नव्हता. 'जेवायला चल' हे वाक्य त्या क्षणी 'काय नाटक लावलंयस' असं ऐकू जातं. यात जन्मजात संवेदनशीलतेचा भाग असतो आणि वाढीच्या वयात काय सोसलं त्याचाही. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, सतत दुर्लक्ष यांचा इतिहास या रुग्णांत फार आढळतो. सगळ्यांतच असतो असं नाही. तुमच्या घरात काय झालं हे मला माहीत नाही आणि मी ते गृहीतही धरत नाही. पण 'आम्ही मनावर घेतलं नाही' हे वाक्य तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

हिंसा सगळ्यात जास्त जाते कुठे? स्वतःकडे. अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयात १९९२ साली सुरू झालेल्या अभ्यासात बीपीडीच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. २४ वर्षांत त्यांतले साधारण ६ टक्के आत्महत्येने गेले. म्हणून 'धमक्या देते, करत काही नाही' हे वाक्य घरातून हद्दपार करा. वारंवार धमकी देणाऱ्या माणसाच्या हातूनच एक दिवस होऊन जातं.

आणि दुसऱ्यांकडून यांच्यावर होते ती हिंसा? त्याच अभ्यासगटाने प्रौढ वयातल्या हिंसेबद्दल विचारलं (निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले), तर जवळपास निम्म्या रुग्णांनी आपण हिंसेचे बळी ठरल्याचं सांगितलं. एकटं पडण्याची भीती असलेलं माणूस मारणाऱ्याला सोडून जाऊ शकत नाही, हे सरळ आहे. पण त्याहून वाईट म्हणजे तिने तक्रार केली तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. एक रुग्ण (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) दंडावर बोटांचे वळ घेऊन आली होती. नवरा शांत, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. फाइलमध्ये माझंच जुनं पत्र, त्यातल्या निदानाखाली हायलायटर. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तर माहीतच आहे ना ही कशी आहे." माझ्या सहीचा कागद त्याने ढालीसारखा पुढे धरला होता. त्या दिवसापासून मी पत्रात निदान लिहिताना पुढे एक ओळ घालते: या निदानामुळे रुग्णाच्या सांगण्याची विश्वासार्हता कमी होत नाही.

आमच्या लोकांचं काय सांगू? १९८८ साली लुईस आणि ॲपलबी या ब्रिटिश डॉक्टरांनी २४० मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णाचं वर्णन वाचायला दिलं. वर्णन तेच, फक्त काहींच्या कागदावर 'पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान' एवढं जास्त. ते शब्द असलेल्या रुग्णाला तज्ज्ञांनी जास्त त्रासदायक, लक्ष वेधणारा, मदतीला कमी पात्र ठरवलं. मी शिकाऊ डॉक्टर असताना रात्री दोन वाजता एक मुलगी मनगट कापून आली होती. टाके घालणारा म्हणाला, "हिला कशाला भूल, हिला तर आवडतं ना हे." आणि भूल न देता टाके घातले. मी शेजारी ट्रे धरून उभी होते. मी काही बोलले नाही. अजून ती मुलगी छताकडे कशी बघत होती ते आठवतं. त्या रात्री तिथे हिंसक कोण होतं, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला.

'मॅनिप्युलेटिव्ह' हा आमचा लाडका शब्द. तुम्ही 'खेळवतात' लिहिलंत तेच. मला तो शब्द विनोदी वाटतो. दुसऱ्याला खेळवायला थंड डोकं आणि बेत लागतो. जी मुलगी रात्री दोन वाजता ज्याच्यासाठी जीव द्यायला निघते त्यालाच शिव्या घालते, तिचा बेत काय असणार? तिला धड मागता येत नाही, म्हणून ती ओरडून मागते.

एक अवांतर. दवाखान्यात हे निदान बायकांनाच जास्त होतं, लोकसंख्येच्या पाहण्यांत मात्र पुरुषही तितकेच आढळले आहेत. मग पुरुष जातात कुठे? व्यसनमुक्ती केंद्रात आणि पोलीस स्टेशनात. बाई ओरडली की आक्रस्ताळी, पुरुष ओरडला की तापट. एकीला लेबल मिळतं, दुसऱ्याला नुसती सवलत, उपचार दोघांनाही नाही. आणि नेटवर तुम्ही जे वाचलंत त्यात बराच गाळ २०२२ सालचा आहे. अमेरिकेत व्हर्जिनियात दोन सिनेकलाकारांचा मानहानीचा खटला चालला, एका बाजूच्या मानसशास्त्रज्ञाने समोरच्या बाईला बीपीडी असल्याची साक्ष दिली, दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञाने ते नाकारलं, आणि त्यानंतर जगभर कुणीही आपल्या जुन्या मैत्रिणीला हे नाव लावू लागलं. कोर्टातल्या दोन्ही बाजूंच्या साक्षींवरून तुमच्या बहिणीला जोखू नका.

'कधी बरी होत नाहीत' हे तर साफ चूक. त्याच २९० रुग्णांपैकी १० वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली होती. नोकरी, संसार हे सावकाश रुळावर येतं, काहींचं येत नाहीही, पण ब्लेड आणि आदळआपट आधी जाते. या आजारावरच्या सगळ्यात प्रसिद्ध उपचारपद्धतीच्या, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीच्या जनक मार्शा लिनेहान या स्वतः १७ वर्षांच्या असताना, १९६१ साली, मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला जाळून-कापून घेत होत्या. त्यांनी हे जगाला सांगितलं २०११ साली, तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढे होतं. एवढ्या नामवंत प्राध्यापिकेला तोंड उघडायला पन्नास वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, ही थेरपी आमच्या गावात कोण देणार? खरं आहे, पुण्या-मुंबईतही शिकलेले थोडेच. पण कॅनडात १८० रुग्णांवर एक तुलना झाली (२००९). एका गटाला ही थेरपी, दुसऱ्याला नीट बांधलेले, नियमित, आजार समजावून सांगणारे मानसोपचार. वर्षभराने दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. म्हणजे दर आठवड्याला ठरल्या वेळी भेटणारा, न कंटाळणारा, न घाबरणारा एक डॉक्टर किंवा समुपदेशक मिळाला तरी बरंच काम होतं. गोळ्या मात्र या आजाराचा गाभा बदलत नाहीत. नैराश्य, झोप यांसाठी द्याव्या लागतात. पण दर भांडणामागे एक गोळी वाढत गेली तर डॉक्टरांना विचारा. आणि त्या गोळ्या घरात कुलपात ठेवा, आठवड्याला लागतील तेवढ्याच आणा.

सासऱ्यांच्या 'कुठेतरी ठेवा'बद्दल. जिवाला धोका असेल तेव्हा काही दिवस दाखल करणं योग्यच, आणि तसं सुचवलं गेलं तर मागेपुढे पाहू नका. पण सांभाळायला जड जातं म्हणून माणूस ठेवून देण्याची सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नाही. इच्छेविरुद्ध दाखल करायला अटी आहेत आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची आहे. साखळीने बांधणं तर कोणत्याही स्वरूपात बंद आहे, मग ते रुग्णालय असो की एखादं देवस्थान. हे लिहिते कारण 'हिच्या अंगात येतं' म्हणून बाहेरचं बघायला नेलेल्या मुली आमच्याकडे मनगटावर दुसऱ्याच खुणा घेऊन येतात.

आईंना सांगा, लग्न हे औषध नाही. ज्या माणसाला जवळच्या नात्यात सगळ्यात जास्त पोळतं, त्याला अनोळखी घरात सगळ्यात जवळचं नातं देऊन बरं कसं वाटेल? पुढेमागे तिला स्वतःला करायचं असेल तर जरूर करावं, माझ्या रुग्णांचे चांगले चाललेले संसार आहेत. पण लपवून नको. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेल्या संमतीवर लग्न रद्द मागता येतं. उलट, नुसतं निदान आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही. आजाराची तीव्रता सहजीवन अशक्य करण्याइतकी आहे हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे. सांगायचं तेव्हा तिने सांगावं, मध्यस्थाने नव्हे.

राहिलं घर. तुमच्या पत्रात एक माणूस फक्त मार खाताना दिसतं, तिचं मत कुठेच नाही: तुमची बायको. तिला भीती वाटते का? ती बाळाला घेऊन कुठे झोपते? आधी तिला विचारा, आणि बहिणीसमोर विचारू नका. आठ महिन्यांच्या बाळाला बीपीडीपासून नाही, उडणाऱ्या वस्तूंपासून जपायचं आहे. आवाज चढला की ज्याच्या हाती बाळ असेल त्याने काही न बोलता दुसऱ्या खोलीत जायचं, असं सगळ्यांनी आधीच, शांत दिवशी, बहिणीलाही सामील करून ठरवा. तिला हे अपमानास्पद वाटेल असं वाटत असेल, तर माझा अनुभव उलटा आहे. आपल्या रागाची सगळ्यात जास्त भीती या मुलींनाच असते. तिला खोलीत कोंडू नका. बाहेर जाताना 'मी दहा मिनिटांत येतो' म्हणा आणि अकराव्या मिनिटाच्या आत या. समजूत घालणं, चूक दाखवणं, 'शांत हो' म्हणणं त्या वेळी नको. 'फार लागलंय तुला' एवढं पुरे. हिशेब दुसऱ्या दिवशी, आणि तो करायचाच: वहिनीची माफी, काय फुटलं ते भरून देणं, पुढच्या वेळी हात उचलण्याआधी काय करता येईल ते. आजार हे कारण आहे, परवाना नाही. भांडणात 'तुझं ते बीपीडी सुरू झालं' हे वाक्य कुणीही, कधीही वापरायचं नाही.

मरणाची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका, सरळ विचारा, आणि तुमचे डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. आत्ताच काही करून बसेल असं दिसलं तर फोनच्या उत्तराची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्या.

पुढच्या भेटीला तिच्याबरोबर तुम्हीही जा. डॉक्टर त्या रात्रीचं विचारतील. मोबाईलचं ती सांगेल. कानाखालचं बहुधा सांगणार नाही, दादाची बाजू घेईल. ते तुम्ही सांगा, तिच्यासमोर.